क्लॅरनेटवाल्याचे दहापैकी दहा

"मॅडम, त्याला थोडी पाजायची परवानगी द्या," मेहबूबभाई म्हणाले.

मी तेव्हा बार्शीतल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक होते. माझ्या खुर्चीमागच्या भिंतीवर दारूची बाटली आणि तिच्यावर भली मोठी लाल फुली, असं चित्र होतं. मेहबूबभाई त्या फुलीकडे बघतच बोलत होते.

"किती थोडी?" मी विचारलं.

व्यसनमुक्ती केंद्रातल्या बाईनं हा प्रश्न विचारला, यावरूनच माझी त्या वेळची अवस्था कळावी.

"टोपणभर. औषध म्हणून."

मेहबूबभाई आतार हे 'गुलमोहर ब्रास बँड'चे मालक. साठीच्या पुढचे, दाढीला मेंदी, आणि बोलताना उजवा हात सतत ताल धरल्यासारखा खालीवर. दिगंबर जावीर हा त्यांच्या बँडमधला क्लॅरनेटवाला आणि माझ्याकडचा रुग्ण. त्यानं दारू सोडून आठेक महिने झाले होते. केंद्राच्या भाषेत तो माझा सगळ्यात यशस्वी माणूस.

"सोडली ते झकास केलं," मेहबूबभाई म्हणाले. "आम्ही सगळ्यांनी त्याला हार घातला. पण दारूबरोबर त्यानं सूरबी सोडला, मॅडम. आता कसा वाजवतो सांगू? बँकेच्या रांगेत उभा असल्यासारखा. मागच्या लग्नात नवरदेव घोड्यावरून खाली वाकून मला विचारतोय, कुणी गेलंय का म्हणून."

"सराव करून घ्या."

"सराव घरी एक नंबर करतोय. गल्ली थांबून ऐकते. माणसं समोर आली की नुसती फुंकर. रविवारी शेट्यांच्या मुलाचं लग्न आहे. शेटे सराफांनी सांगूनच सुपारी दिलीय, क्लॅरनेट जावीरचंच पाहिजे. रविवारी त्यानं माती केली, तर मी क्लॅरनेट काढून टाकणार आणि कीबोर्ड घेणार. कीबोर्ड पीत नाही आणि सोडतबी नाही."

परवानगी देता येणार नाही एवढं मी सांगितलं. ते उठले, फुलीला एकदा हात जोडले आणि गेले. ते गेले तशी दारात थांबलेली दिगंबरची बायको आत आली. कलावती पापडाच्या कारखान्यात कामाला होती. पदराला, कोपरांना, भुवईलासुद्धा उडदाचं पीठ लागलेलं.

"मॅडम, ह्यांचं कायतरी करा."

"पुन्हा प्यायला लागले?"

"न्हाई. पीत न्हाईत, त्याचंच कायतरी करा." ती खुर्चीत बसली. "सुपारी नसली की दिवसभर घरात. डबे लावत बसत्यात. उंचीपरमाणं. मला माझ्याच घरात हळद सापडंना झालीय. आन आता आमटीला नावं ठेवायला लागलेत. पंधरा वर्षं माझी आमटी गपगुमान खाल्ली ह्या माणसानं."

"त्यांना चव कळायला लागली, ही प्रगती आहे."

"मग ती प्रगती तुमच्या घरी न्या."

आज हे सांगताना मला हसू येतं. त्या दिवशी आलं नाही. मी मान डोलावली आणि 'बघते' म्हणाले. नऊ वर्षांत मी एवढी मान डोलावली होती, की समोरचा माणूस बोलायला लागला की ती आपोआप हलायची आणि मी आतल्या आत वाण्याची यादी करत बसायचे. लोक माझ्यासमोर रडायचे. मी पाण्याचा ग्लास पुढे करायचे आणि मनात म्हणायचे, साबुदाणा संपलाय. बाजारातही तेच. एकदा भाजीवाली म्हणाली, कोथिंबीर फार महाग झाली हो ताई. मी मान तिरकी करून अगदी मऊ आवाजात विचारलं, "मग त्या वेळी तुम्हाला काय वाटलं?" ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "दहाला जुडी लावावी वाटलं."

लातूरला माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याची गॅस एजन्सी होती. तो मला हिशेबाच्या टेबलावर बोलावत होता. "ताई, सिलेंडरला भावना नसतात," तो म्हणायचा. "एक भरलेला आणि एक रिकामा. तिसरा प्रकार नाही." मला हे इतकं आवडलं होतं की मी मनातल्या मनात होकार देऊन टाकला होता. मेपासून जायचं. आमचे प्रमुख घोंगडे सर, त्यांना तेवढं सांगायचं राहिलं होतं.

जाण्याआधी फायली मिटवायच्या होत्या. आम्हाला पैसा पुण्याच्या एका संस्थेकडून यायचा आणि प्रत्येक माणसाची प्रगती दहापैकी गुण देऊन दर महिन्याला तिकडे कळवायची असा नियम होता. दहा मिळाले की माणूस बरा, फाईल बंद. त्या महिन्यात मी गुण वाटायला फार उदार झाले होते. दिगंबरला तर दहा देऊन मोकळी झाले होते. आठ महिने थेंब नाही. आणखी काय हवं?

त्याच आठवड्यात पुण्याहून निरोप आला की हे दहा-दहा बघून तिकडच्या लोकांना आनंद झालाय, आणि प्रत्यक्ष पडताळणीला रत्नपारखी नावाच्या बाई येणार आहेत. शनिवारी संध्याकाळी पोचतील, रविवारी माणसांना भेटतील.

घोंगडे सर म्हणाले, "ढगे, तुमचा जावीर समोर ठेवू. तो आपला हुकमी एक्का."

मी हुकमी एक्क्याला बोलावून घेतलं.

दिगंबर चाळिशीचा, उंच, जरा पुढे झुकलेला माणूस. धुतलेला पांढरा शर्ट घालून यायचा आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसायचा.

"दिगंबरराव, मेहबूबभाई आले होते. काय होतंय नक्की?"

"न पिता मी आजवर वाजवलेलंच न्हाई, मॅडम," तो म्हणाला. "बापाबरोबर पहिल्या वरातीला गेलो तवा मिसरूड फुटलं नव्हतं. बापानं एका हातात क्लॅरनेट दिलं, दुसऱ्या हातात पेला. तवापास्नं दोन्ही बरोबरच. पिऊन वाजवायचो तवा समोर नुसता रंग दिसायचा. लाल, पिवळा, सगळा हलणारा. आता तोंडं दिसत्यात. एक जण जांभई देतो. एक घड्याळ बघतो. एखादी म्हातारी कानात बोटं घालून उभी. मी तिच्याचकडं बघत ऱ्हातो आन सूर कुठं गेला ते कळत न्हाई."

"भीती वाटणं नैसर्गिक आहे. ती स्वीकारली की तिची ताकद कमी होते."

"हे तुम्ही मागच्या महिन्यातबी सांगितलं हुतं."

"भीतीबद्दल?"

"पोटदुखीबद्दल."

मी फाईल मिटली. त्यानं शर्टाची बाही सारखी केली. मग म्हणाला, "तुम्ही या की रविवारी. तुम्ही समोर असला तर मी तुमच्याकडं बघून वाजवीन. दुसऱ्या कुणाकडं बघायलाच नको."

"माझ्याकडे बघून काय होणार?"

"तुमच्या तोंडावर काय नसतं," तो म्हणाला. "जांभई न्हाई, कंटाळा न्हाई, काय न्हाई. चुना दिलेल्या भिंतीवानी. बरं पडंल मला."

खरं सांगते, मला ते कौतुकच वाटलं. समुपदेशकाचा चेहरा तटस्थ असावा, असं शिकवलेलं असतं. मी हो म्हणाले.

रत्नपारखी बाई आल्या. पन्नाशीच्या, बारीक, खांद्याला कापडी पिशवी, हातात काळी छत्री. घोंगडे सरांनी तक्ते मांडून ठेवले होते. बाईंनी ते लांबूनच बघितले.

"हे मला पुण्यात बसूनही दिसतं," त्या म्हणाल्या. "तुमचा दहापैकी दहावाला माणूस कुठे भेटेल?"

"उद्या तो एका वरातीत वाजवणार आहे," मी म्हणाले. "सोमवारी सकाळी इथे बोलावते."

"वरातीतच भेटू," बाई म्हणाल्या.

घोंगडे सरांचा चेहरा पडला. ते म्हणाले, मला नेमका उद्याच ताप येईल असं वाटतंय. आणि तो आला.

एप्रिलचा महिना, बार्शीचं ऊन. मारुतीच्या देवळापासून मंगल कार्यालयापर्यंत वरात जायची होती. सकाळी दहाला रस्ता तापून पायाखाली मऊ लागत होता. बँडची माणसं लाल कोट, सोनेरी झालर, डोक्यावर तुरेवाल्या टोप्या अशा थाटात उभी होती आणि प्रत्येकाच्या कानशिलावरून घाम वाहत होता. दिगंबर सगळ्यांत पुढे. बायकांच्या घोळक्यात कलावती दिसली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण तिचा जीव घरी राहिला नसावा. ती हातातल्या पिशवीचे बंद पिळत होती.

पहिलं गाणं सुरू झालं. मेहबूबभाईंनी वर्णन केलं होतं ते अगदी खरं होतं. ढोल-ताशे पुढे चालले होते, ट्रंपेट पुढे चाललं होतं, आणि क्लॅरनेट मागून परवानगी विचारत येत होतं. दिगंबरनं डोळे माझ्यावर रोवले होते. मी त्याच्यासमोर उलट्या पावलांनी चालत होते, चेहरा जमेल तेवढा कोरा ठेवून. उलटं चालता चालता दोनदा मी घोड्याच्या पुढ्यात आले. शेटे सराफ कपाळावर हात धरून बघत होते, तो हात उन्हासाठी होता की क्लॅरनेटसाठी ते कळत नव्हतं.

रत्नपारखी बाई छत्री उघडून बाजूने चालल्या होत्या आणि वऱ्हाडातल्या लोकांना अडवून विचारत होत्या, "या वादनाबद्दल आपण कितपत समाधानी आहात?"

"जेवण झाल्यावर सांगतो," एक जण म्हणाला.

चौकात वरात थांबली. नवरदेवाचे मित्र नाचायला लागले. त्यातला एक जण, ज्याचं धोतर सुटायच्या बेतात होतं, काळ्या थंड पेयाची बाटली उंच धरून बँडच्या समोर आला. त्यानं ती सरळ दिगंबरच्या तोंडाशी नेली.

"मास्तर, घ्या. आज काय आजारी आहात का? घ्या, जरा जोरात होऊ द्या."

बाटलीत निव्वळ थंड पेय नव्हतं. तो वास मी ओळखत होते. नऊ वर्षं तो माझ्या टेबलासमोर येऊन बसत होता. दिगंबरनं वाजवणं थांबवलं. त्याची नजर माझ्यावरून सुटली आणि बाटलीवर गेली. त्याचा उजवा हात क्लॅरनेटवरून निघाला. हळूच निघाला, स्वतःला न विचारता निघाल्यासारखा.

मी पुढे झाले आणि बाटली ओढून घेतली. "मला द्या. मला तहान लागलीय."

मित्र खूश झाला. "प्या की मॅडम."

मी ती हातात धरून उभी राहिले. आजूबाजूला नाचणाऱ्यांचं कडं तयार झालं होतं. ओतून द्यावी तर भांडण, आणि ऐन लग्नात बँडच्या माणसांना मार. परत द्यावी तर ती सरळ दिगंबरच्या हातात जाणार. त्याचा हात अजून तसाच अधांतरी होता.

"मागितली कशाला मग?" मित्र म्हणाला. "नसेल प्यायची तर मास्तरांना द्या."

एक तर दिगंबरनं प्यायची होती, नाही तर मी. मी आयुष्यात खोकल्याच्या औषधापलीकडे काही घेतलं नव्हतं. सकाळपासून पोटात एक कप चहा होता. मी डोळे मिटले आणि बाटली तोंडाला लावली.

कडं टाळ्या वाजवायला लागलं. मी बाटली खाली घेतली तेव्हा रत्नपारखी बाई छत्रीसकट माझ्या शेजारी आल्या होत्या.

"ढगे, तुम्ही काय पिताय?"

"पुरावा," मी म्हणाले.

हे मी का म्हणाले ते मला आजही सांगता येत नाही. बाईंनी वाकून बाटलीचा वास घेतला. पण पुढच्या वळणावर तोच मित्र दुसरी बाटली घेऊन पुन्हा दिगंबरकडे निघाला, तेव्हा त्यांनी छत्री मिटून मला वाट करून दिली. दुसरी बाटलीही मीच घेतली. मित्र मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही मुलाकडच्या की मुलीकडच्या?" मी म्हणाले, "मी सरकारमान्य."

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही, पण जे आठवतं ते फार स्वच्छ आठवतं. घोड्याची पापणी आठवते. ती लांब आणि फार सुंदर होती, आणि हे सगळ्यांना सांगायला हवं असं मला वाटलं. मी एकेकाला जाऊन सांगितलं. मग माझे पाय गरम झाले म्हणून मी ते उचलायला लागले, आणि आधी एक मग दुसरा असे उचलत राहिले, तर लोक म्हणाले, मॅडम नाचतायत. मला वाटलं, नाचत असेन. मी पर्स डोक्यावर धरली. अंबाडा सुटला. कुणीतरी मला फेटा घातला.

आणि समोर दिगंबर हसला.

क्लॅरनेट तोंडात असताना माणूस हसला तर त्यातून कसा आवाज निघतो, ते मी त्या दिवशी ऐकलं. खिंकाळल्यासारखा. घोड्यानंसुद्धा मान वळवली. मेहबूबभाईंनी कपाळावर हात मारला. दिगंबरनं क्लॅरनेट काढलं, बाहीनं डोळे पुसले, माझ्याकडे बघितलं, पुन्हा हसला. मी त्याला हातवारे करून म्हणाले, वाजवा ना, थांबलात काय? आणि त्यानं वाजवायला सुरुवात केली.

मला संगीतातलं कळत नाही. पण आधी जे क्लॅरनेट मागून चालत होतं ते आता सगळ्यांच्या पुढे जाऊन वळून बघायला लागलं, चला म्हणायला लागलं. तो माझ्या पायांकडे बघून वाजवत होता. माझा पाय चुकला की तो सूर मुद्दाम चुकवून लांबवायचा, मला पाय टेकायला वेळ द्यायचा, आणि टेकला की पुन्हा उसळायचा. लोक हसत होते, तो त्यांच्या हसण्यालाही एक तान द्यायचा. ताशेवाले खांदे उडवायला लागले. मेहबूबभाईंचा हात हवेत अडकून राहिला होता. शेटे सराफ सावलीतून बाहेर आले, पगडी सावरली आणि चक्क माझ्यासमोर येऊन नाचायला लागले. कानात बोटं घातलेली एक म्हातारी मी स्वतः बघितली. तिनं बोटं काढली नाहीत, पण मान मात्र हलवत होती.

मंगल कार्यालयाशी पोचेपर्यंत मी उभी होते. मग नव्हते.

डोळे उघडले तेव्हा मी बँडच्या टेम्पोच्या सावलीत सतरंजीवर होते आणि कलावती माझ्या डोक्यावर पाणी ओतत होती.

"पालथं वळू नका. कुशीवर ऱ्हावा. आन डोळं मिटू नका, गरगरतंय." तिनं सराईतपणे माझी मान उचलून खाली पिशवी सरकवली. "पंधरा वर्षं ह्येच केलंय. वाटलं हुतं, सुटलं एकदाचं."

"मला क्षमा करा, कलावती."

"ते ह्येबी म्हणायचे," ती म्हणाली.

थोड्या वेळानं दिगंबर लिंबूपाण्याचा पेला घेऊन आला. लाल कोट काढून खांद्यावर टाकला होता. तो सतरंजीच्या कडेला बसला, पेला माझ्या हातात दिला आणि माझ्याकडे बघत बसला.

"आता दिसतंय तुमचं तोंड," तो म्हणाला.

"आधी काय दिसत होतं?"

"राग येईल तुम्हाला."

"मी प्यायलेली आहे. आत्ताच सांगून घ्या."

त्यानं कलावतीकडे बघितलं. तिनं मान हलवली.

"मी पिऊन जसं लोकांकडं बघायचो ना, मॅडम, तसं तुम्ही न पिता माझ्याकडं बघायच्या. नुसता रंग. मी एकदा मुद्दाम सांगून बघितलं. म्हणालो, मॅडम, माझा थोरला भाऊ वारला. तुम्ही मान हलवली आन म्हणालात, छान, पुढं?"

मी पेला खाली ठेवला.

"मला आठवत नाही हो."

"मला थोरला भाऊच न्हाई," तो म्हणाला. "त्याचं वाईट वाटून घेऊ नका."

"मग तरी येत का राहिलात? एवढे महिने?"

"मी म्हणालो हुतो हिला, की बाईचं लक्ष नसतं, जाऊन काय उपयोग. तर ही म्हणाली, जात ऱ्हावा. त्यांचंच कायतरी बिनसलंय. तुम्हीबी न्हाई गेलात तर त्यांचं कसं व्हायचं."

"आन वरातीला बोलवा म्हणून मीच सांगितलं हुतं," कलावती पाणी ओतता ओतता म्हणाली. "म्हणलं, हे घाबरलेत ते घाबरलेत, पण त्या बाईलाबी जरा बाहेर काढा. इतकं बाहेर येतील असं वाटलं नव्हतं."

मी हसायला लागले. मग ते हसणं कुठेतरी वळलं आणि मी रडायला लागले. कलावतीनं पाणी ओतायचं थांबवलं नाही, त्यामुळे कुणाला काही कळलं नसावं. वर्षभरात मला ना दुसऱ्यासाठी रडू आलं होतं, ना स्वतःसाठी. ते त्या टेम्पोच्या सावलीत, डोक्याला फेटा असताना आलं.

संध्याकाळी मी रत्नपारखी बाईंना एस.टी. स्टँडवर पोचवायला गेले. माझं डोकं ठणकत होतं. बाकावर बसल्यावर मला पुन्हा रडू आलं आणि मीच सांगून टाकलं. "बाई, दिगंबरचे दहा खरे नाहीत. मला ती फाईल बंद करायची होती म्हणून दिले. मी नोकरी सोडून चाललेय."

"कुठे?"

"गॅस एजन्सीत."

त्यांनी छत्री मांडीवर आडवी ठेवली. "मी मुलींच्या वसतिगृहात होते, बरीच वर्षं. एक दिवस एक मुलगी माझ्यासमोर हुंदके देऊन रडत होती आणि मी विचार करत होते, हिचं झालं की जेवायला जाऊ. तेव्हा मूल्यमापनाकडे वळले. इथे कुणी रडत नाही. म्हणजे आजवर नव्हतं रडलं."

"मग मी काय करू?"

"सोडायची तर सोडा. मी थांबवणार नाही. पण आधी दोन महिने झोप काढा आणि मग ठरवा. दमलेल्या माणसानं दिलेले गुण मी धरत नाही, आणि दमलेल्या माणसाचा राजीनामाही धरू नये."

घोंगडे सरांनी आधी सांगितलं की एवढ्या रजेची तरतूद नाही. बाईंनी पुण्याहून कळवलं, की तुमच्याकडे एक बाई तीन माणसांचं काम करते असं मी अहवालात लिहितेय, तेव्हा तरतूद करा. तरतूद झाली. दुसरी समुपदेशकही आली. अहवालाची प्रत सरांनी मला वाचून दाखवली. त्यात माझ्याबद्दल एकच ओळ होती: समुपदेशकाचा क्षेत्रीय कार्यक्रमातील सहभाग उत्स्फूर्त आहे. दिगंबरच्या गुणांपुढे बाईंनी 'काम चालू' असं लिहिलं होतं.

मी लातूरला बहिणीकडे गेले. पहिले कित्येक दिवस झोपले. मग एजन्सीत जाऊन बसायला लागले. सिलेंडर खरोखरच चांगले होते. कुणी काही सांगत नव्हतं. मग एक दिवस एक म्हातारे गृहस्थ शेगडीची नळी बदलायला आले आणि सहज म्हणाले, घरात आता मी एकटाच चहा करतो. मी विचारलं, एकटेच का? ते सांगायला लागले. मी ऐकत राहिले, आणि ऐकताना माझ्या मनात दुसरं काहीही नव्हतं. रांग दारातून रस्त्यावर गेली. मेव्हणा येऊन माझ्या मागे उभा राहिला.

"ताई," म्हातारे गेल्यावर तो म्हणाला, "तुम्ही बार्शीला परत जा. माझा धंदा बसेल."

जुलैत मी परत आले.

दिगंबर गुलमोहर बँडमध्येच राहिला. मेहबूबभाईंनी कीबोर्डही घेतला, पण तो शेवटच्या ओळीत ठेवला. कलावतीनं हळदीचा डबा उशाशी घेऊन झोपायला सुरुवात केली. सगळं चांगलं चाललं होतं, आणि दिवाळीनंतर एका सकाळी दिगंबर न बोलावता केंद्रात आला. शर्ट चुरगळलेला, डोळे लाल. तो खुर्चीच्या कडेवर बसला.

"काल घेतली," तो म्हणाला. "लिहा. शून्य लिहा."

"किती घेतली?"

"निम्मी बाटली."

"आणि निम्मी?"

"मोरीत ओतली." त्यानं चुरगळलेली कॉलर सारखी केली. "कलावती म्हणाली, सांगा मॅडमला, ओतल्याचे निम्मे तरी मिळतील. मी म्हणलं, तसं नसतंय. का असतंय?"

"कुणी ओतायला लावली?"

"कुणी न्हाई. ती झोपली हुती."

मी त्याच्याकडे बघितलं. तो शरमून खाली बघत होता. खालच्या ओठाच्या मधोमध त्याला एक आडवी पांढरी खूण होती, तांदळाच्या दाण्याएवढी.

"हे काय लागलंय तुम्हाला? काल पडलात का?"

त्यानं ओठाला बोट लावलं आणि मान वर केली.

"हे? ह्याला सोळा वर्षं झाली, मॅडम. वाजवताना क्लॅरनेटची पत्ती फुटली हुती तोंडात. एका वरातीत."

"कुणाच्या?"

"माझ्याच," तो म्हणाला. "माझ्याच लग्नात मी वाजवत हुतो. दुसरा क्लॅरनेटवाला आलाच न्हाई."

मी खुर्ची पुढे ओढली. दार उघडून नव्या समुपदेशक बाई आत डोकावल्या, बाहेर दोघं जण थांबलेत म्हणाल्या. त्यांना चहा द्यायला सांगितलं.

"मग? घोड्यावर कोण बसलं?" मी विचारलं.